चाबकाची पेरं

चाबूककोळ्याला मारायचं कसं, हे मुळ्येसर पहिल्याच दिवशी शिकवायचे. त्याला जगवायचं कसं, हे त्यांना स्वतःलाही ठाऊक नव्हतं आणि त्यावाचून त्यांचं कधी अडलंही नाही.

स्पिरिटची बरणी पुढ्यात ओढायची. प्राण्याला पाठीकडून चिमट्यात धरायचं. एकदम बुडवायचा नाही. एकदम बुडवला की तो पाय आखडून मुठीसारखा मिटतो आणि मेल्यावर ते पाय उलगडताना मोडतात. म्हणून आधी गरम पाणी. पाण्यात तो ताणतो, पसरतो, सगळी अंगं दाखवतो. मग स्पिरिट. "नवरीला आधी न्हाऊ घालतात ना, तसं," असं म्हणून सर मुलींच्या बाकाकडे बघायचे. पोरं हसायची. अजरा सोलकर शिकत होती तेव्हा तीही हसली होती. न हसणाऱ्याचे प्रात्यक्षिकाचे गुण जायचे.

शिकून झालं तरी ती तिथेच राहिली. सन दोन हजार दोनमध्ये ती रत्नागिरीच्या त्याच कॉलेजात, त्याच प्राणिशास्त्र विभागात तासांवर शिकवत होती. तासांवर म्हणजे सुट्टी लागली की उपास. विभागात एक कायमची जागा निघणार हे सगळ्यांना माहीत होतं आणि ती अजराला मिळणार असं मुळ्येसर सांगत आले होते. अट एकच, शोधनिबंधावर तिचं नाव हवं. "नवी प्रजाती सापडू दे, तुझं नाव छापून येऊ दे, मग तुझी खुर्ची मी स्वतः पुसून देतो," असं ते म्हणत. त्या खुर्चीपायी अजराने मुंबईची औषध कंपनीतली नोकरी सोडली आणि सरांचे वर्ग घेतले, सरांचे पेपर तपासले, सरांच्या बायकोचं रेशनसुद्धा आणलं. गाढवाला गाजर दिसावं लागतं, खायला मिळावं लागत नाही.

चाबूककोळी हा नावाचाच कोळी. त्याला ना विष, ना जाळं, ना नांगी. अंग चपटं, कुणीतरी चपलेखाली दाबून सोडून दिल्यासारखं. तोंडापुढे दोन काटेरी हात, अडकित्त्यासारखे मिटणारे. आठ पायांतल्या सहांवर तो चालतो, तेही खेकड्यासारखा आडवा. पुढचे दोन चालायचे नव्हेतच. त्यांचे झालेत चाबूक, दोऱ्यासारखे बारीक आणि अंगाच्या कितीतरी पट लांब. घळीच्या अंधारात डोळे काय कामाचे? ते असून नसल्यासारखे. भिंत, भक्ष्य, शत्रू, स्वतःची पोरं, सगळं तो या चाबकांनी चाचपून ओळखतो. चाबूक गेले की तो जिवंतपणी पुरला गेला म्हणायचं.

आणि या चाबकांना उसासारखी पेरं असतात. प्रजाती ओळखायची तर हातावरच्या काट्यांची मांडणी बघतात, जबड्यातले दात बघतात, मादीच्या पोटाखालचं झाकण उचलून आतला अवयव बघतात. पण मुळ्येसरांचा सगळा जीव पेरांत. आपल्याकडच्या घळीतल्या मादीच्या चाबकाला नळीच्या, म्हणजे मधल्या लांब भागात तेवीस पेरं. कुठे कमी भरली, जास्त भरली, की नवी प्रजाती, आणि तिच्यामागे सरांचं नाव, जगबुडीपर्यंत. त्यामुळे चाबूक तुटलेला प्राणी म्हणजे त्यांच्या लेखी कचरा. अजराने एकदा तसा एक आणला तेव्हा त्यांनी तो सगळ्यांसमोर मोरीत टाकला. "आता पेरं काय तुझ्या बोटांची मोजू?" असं विचारलं, आणि तिला तो मोरीतून पुन्हा काढायला लावला.

हे प्राणी मिळायचे पावसच्या अलीकडे, आप्पा गुरवांच्या आंब्याच्या कलमांत. बागेच्या खालच्या अंगाला, पऱ्याच्या, म्हणजे ओढ्याच्या काठाने जांभ्यात एक घळ आहे. अजराचा बाप हाशिम सोलकर, होडीवरचा तांडेल, आप्पांच्या कलमांना मासळीचं खत पुरवायचा, त्या ओळखीवर तिला आत जाता येई. पण आप्पांचा एक नेम होता. घळीतून जिवंत काही न्यायचं तर राखणदाराला गाऱ्हाणं घालायचं, जो नेणार त्याच्या नावाने, आणि न्यायचा एकच जीव. दोन नाहीत. घळीच्या तोंडाशी एक उभा दगड होता, तोच राखणदार. आप्पा त्याच्यापुढे नारळ ठेवून, हात जोडून, शेजाऱ्याशी बोलावं तसे बोलायचे, की ही हाशिम तांडेलाची लेक अजरा, हिला विद्येसाठी एक जीव हवा, तो हिच्या हाती दे, बाकीच्यांची राखण कर. अजरा ओढणी डोक्यावर सारखी करून मान खाली घालायची. तिचा त्या दगडावर विश्वास होता असं नाही. आप्पांवर होता.

त्या वर्षी पावसाच्या अखेरीला तिने एक मोठी मादी धरली आणि तिथेच माती खाल्ली. दगड उचलताना मादीचा एक चाबूक खाली सापडला आणि मुळातून तुटला. घरी आणून लोणच्याच्या रिकाम्या बरणीत सोडली, तर झाकण लावताना दुसरा काचेत चिरडला. दोन्ही गेले. सरांकडे नेली असती तर पुन्हा मोरी. परत घळीत सोडावी तर चाबकांवाचून ती उपाशी मेली असती. अजराने बरणी स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवली आणि ती चिमट्याने झुरळ थेट तोंडाशी धरून मादीला खाऊ घालायला लागली.

हाशिम तांडेल आयुष्यभर दर्यात गेलेला माणूस, कशाला दचकत नसे. पण रोज चहा घेताना त्या बरणीकडे बघून म्हणायचा, "घरातली झुरलां सरली अजरा. आता काय शेजारणीकडसून उसनी आणू?"

दिवाळी गेली. थंडी पडली तशी मादीने खाणं सोडलं आणि एका सकाळी बरणीतल्या दगडाला उलटी लटकून तिने कात टाकली. अंग दुधासारखं पांढरं, आणि पुढे दोन नवे चाबूक. मूळच्यापेक्षा आखूड, बारीक, पण पुरते. अजरा भाकऱ्या करायची सोडून बघत राहिली. पुस्तकात तिने वाचलं होतं, तुटलेला पाय कातेबरोबर पुन्हा येतो. तो येतो कसा, हे मुळ्येसरांनीही कधी बघितलं नव्हतं. बापाने कात पाहून नाक मुरडलं तशी तिने ती चुलीत टाकली.

मादी खायला लागली आणि बापाचं कुरकुरणं वाढलं, म्हणून तिने बरणी विभागात नेऊन फॉर्मलीनच्या बाटल्यांमागे ठेवली. हीच दुसरी चूक. एका दुपारी ती बारावीच्या पोरांना बेडूक दाखवून परत आली, तर बरणी टेबलावर, रिकामी, धुऊन पालथी घातलेली. सर सूक्ष्मदर्शकावर वाकले होते. मादी बशीत पसरलेली होती, सहा पाय सहा दिशांना, पोटाखालचं झाकण टाचणीने वर उचललेलं.

"एकोणीस," सर मान वर न करता म्हणाले. "दोन्हीकडे एकोणीस. आणि चाबूक आखूड. अजरा, ही वेगळी आहे. तू हिला लपवून काय ठेवली होतीस?"

तिने तोंड उघडलं होतं. सर, ते चाबूक नंतर आलेत, एवढंच बोलायचं होतं. पण सरांना आनंद झाला की ते दुसऱ्याला बोलू देत नसत. निबंध कसा लिहायचा, कुठे पाठवायचा, सगळं त्यांनी तिथेच ठरवून टाकलं. पहिलं नाव त्यांचं. दुसरं सावनीचं. सावनी ही त्यांची लेक, त्याच वर्षी पुण्याहून एम.एस्सी. होऊन आलेली, घळीचं तोंडही न पाहिलेली.

"आणि माझं?" अजराने विचारलं.

"आभारात येईल की." सरांनी हात पुसले. "असं बघ, सावनीला त्या जागेसाठी अर्ज करायचाय. तुझं काय, उद्या कोणी आखाती नवरा मिळेल, जाशील दुबईला. तिथे कुणी पेरं मोजायला लावणार आहे का तुला?"

खुर्ची कोणासाठी पुसली जात होती ते तिला त्या क्षणी कळलं. तिने उघडलेलं तोंड मिटलं. बशीतल्या मादीकडे बघितलं. मग तिला आतून हसू आलं, आणि ते हसू चांगलं नव्हतं. छापा, म्हणाली मनात. माझ्या लोणच्याच्या बरणीत उगवलेल्या चाबकांची प्रजाती छापा, तिला तुमचं नाव द्या, आणि मग जगाला हसू दे.

निबंध बाहेरच्या देशात गेला. पावसाळ्यात तिथल्या तज्ज्ञाचं उत्तर आलं आणि तो माणूस काही मूर्ख नव्हता. त्याने दोन गोष्टी विचारल्या. चाबूक तुटून पुन्हा आलेले नाहीत ना? आणि अशाच आणखी माद्या आहेत का?

सरांनी तिला खोलीत बोलावलं, दार लावलं. घाबरलेले होते. तिने त्यांना घाबरलेलं पहिल्यांदाच पाहिलं आणि तिला ते आवडलं. त्यांनी विचारलं, धरलीस तेव्हा चाबूक शाबूत होते ना, नक्की आठव.

अजराने त्यांच्या डोळ्याला डोळा दिला. "शाबूत होते सर. दोन्ही."

मग आणखी माद्या आणायला सर स्वतः निघाले. आप्पा परक्याला घळीत सोडत नसत, म्हणून अजराला बरोबर घेतलं. भाद्रपद होता, पऱ्या भरून वाहत होता. आप्पांनी नेहमीप्रमाणे नारळ ठेवला, अजराच्या नावाने गाऱ्हाणं घातलं, एका जिवाचं. सर तेवढा वेळ घड्याळ बघत होते. झाल्यावर त्यांनी आप्पांना नमस्कार केला, अगदी वाकून, आणि आत शिरताच पिशवीतून स्पिरिटची मोठी बरणी काढली.

अजराच्या हातात बॅटरी होती. उजेड पडला तशी घळीची भिंत हलल्यासारखी झाली. त्या दिवसांत माद्यांच्या पाठी भरलेल्या असतात. अंडी आई पोटाखाली बाळगते, पोरं फुटली की ती पाठीवर चढतात, पांढरी, मऊ, भाताच्या शितांसारखी चिकटून बसतात. पहिली कात टाकीपर्यंत त्यांना जग म्हणजे आईची पाठ. तिथून पडलं ते पोर मेलंच, पुन्हा चढता येत नाही. हे सरांनीच वर्गात शिकवलं होतं.

त्यांनी पहिली मादी चिमट्यात धरली, भिंगाखाली चाबूक ताणला, मोजला. "तेवीस," म्हणाले, आणि बरणीत टाकली. इथे गरम पाणी नव्हतं. ती मिटली. पोरं पाठीवरून सुटून स्पिरिटमध्ये तरंगायला लागली. दुसरी धरली. तेवीस. बरणीत. अजरा म्हणाली, तेवीसवाल्या सोडून द्या ना सर, त्या काय कामाच्या. सर म्हणाले, सोडली तर पुन्हा तीच हातात येईल, मोजणीचा घोळ होईल. बुद्धिमान माणसाला कारण लगेच सुचतं.

तेवीस. तेवीस. तेवीस. धरताना काही पोरं खाली सांडत होती आणि सरांच्या बुटाखाली जात होती. एकोणीसची मादी त्या घळीत नव्हती, जगात कुठेच नव्हती, आणि हे घळीत उभ्या दोन माणसांपैकी एकाला माहीत होतं. एक वाक्य पुरे होतं. ते वाक्य अजराच्या जिभेवर आलंही, खोटं कशाला सांगू, दर मादीमागे येत होतं. पण ते बोललं की सर वाचत होते. निबंध मागे घेतील, तिलाच दोष देतील, नामानिराळे होतील. तिने दात आवळले. एक मादी भिंतीच्या फटीत पाठ लपवून बसली होती, सरांना दिसत नव्हती. अजराचा हात आपोआप वळला आणि उजेड तिच्यावर पडला. आपोआप वळला असं ती पुढे स्वतःला सांगत राहिली.

"शाब्बास," सर म्हणाले, आणि ती धरली.

बरणी गच्च भरली तेव्हा ते थांबले. बाहेर आप्पा दगडाशी बसलेले होते. त्यांनी बरणीकडे बघितलं, बराच वेळ. सर पुढे गेल्यावर त्यांनी नारळ उचलला, तो अजून फोडायचा राहिला होता, आणि पऱ्यात फेकून दिला.

"आप्पा, मी काय करू, ते सर आहेत," अजरा म्हणाली.

"त्यांचं मला काय सांगतेस," आप्पा म्हणाले. "ते मागायला कुठे आले होते? मागितलं तुझ्या नावानं."

बाहेरच्या तज्ज्ञाने निबंध नाकारला. सरांनी तो इथल्याच एका पत्रिकेला दिला, जिच्या संपादकांना ते दरवर्षी हापूसची पेटी पाठवत. छापून आला. नवी प्रजाती, अतिदुर्मीळ, घळीतल्या एवढ्या माद्या तपासून फक्त एक सापडली. कत्तलीचासुद्धा पुरावा करून टाकला. विभागात पेढे वाटले. अजराने एका कोपऱ्यात उभ्याने तो निबंध वाचला. आता कोणीतरी पारखी हे वाचेल आणि ठिकऱ्या उडवील, याची तिला इतकी घाई झाली होती की शेवटच्या पानावरची ओळ तिने दोनदा वाचली तरी डोक्यात शिरली नाही. तिसऱ्यांदा शिरली.

'चाबूक पकडतेवेळी शाबूत होते, पुनरुत्पन्न नव्हते, याची खात्री प्राणी पकडणाऱ्या अजरा हाशिम सोलकर यांनी दिलेली आहे.'

नाव छापून आलं होतं, पूर्ण, बापाच्या नावासकट. निबंध टिकला तर मुळ्ये बापलेकीचा. पडला तर सोलकरीण खोटं बोलली. ज्याला लोकांनी पेरं मोजणारा वेडा म्हटलं, त्याने तिला पुरती मोजली होती. आणि ती खोटं बोलली होतीच, हे तर आणखीच बरं झालं त्यांच्या दृष्टीने.

जागेची मुलाखत झाली. सावनी मुळ्ये लागली. अजराला सरांनी प्रेमाने सांगितलं, तासांवर ये हवं तर, सावनीला हाताखाली कोणीतरी लागेलच. अजरा वर्षभर गेलीसुद्धा. सावनी वाईट मुलगी नव्हती. तिला बरण्यांची झाकणं उघडायला भीती वाटायची, ती अजरा उघडून द्यायची. बरणीत माद्या आणि त्यांच्या भोवती पोरं, तळाला बसलेली, साबुदाण्यासारखी. प्रात्यक्षिकाला सावनी विद्यार्थ्यांना निबंधातला फोटो दाखवायची आणि म्हणायची, ही बाबांची प्रजाती. एकदा एका मुलीने विचारलं, मॅडम, हिचे चाबूक एवढे आखूड का? सावनीने अजराकडे बघितलं. अजरा म्हणाली, "ती तशीच असते."

त्या दिवशी तिने ठरवलं. बुडायचं तर बुडायचं, पण एकटं नाही. पुरावा करायला अवघड काहीच नव्हतं. घळीतली एक जिवंत मादी आणायची, पेरं मोजायची, चाबूक तोडायचे, कात टाकीपर्यंत जगवायचं, पुन्हा मोजायची. तेवीसची एकोणीस झाली, की मुळ्यांची प्रजाती मेली. त्याबरोबर आपण खोटारडी ठरणार, तासही जाणार, हे तिला दिसत होतं. पण सरांचं तोंड कसं होईल तेही दिसत होतं, आणि ते जास्त स्पष्ट दिसत होतं.

ती एसटीने पावसच्या वाटेवर उतरली. आप्पा कलमांची पालवी बघत होते. दोन वर्षांत म्हातारे झाले होते. तिने सांगितलं, सहज आले, घळ बघून येते. गाऱ्हाण्याचं तिने काढलं नाही. त्यांनीही विचारलं नाही.

आत काही नव्हतं. भिंती कोऱ्या. तिने दगड उलटले, फटी बघितल्या, ज्या फटीत तिने तेव्हा उजेड टाकला होता तीही बघितली. जिथे भिंत हलायची तिथे नुसतं पाणी पाझरत होतं. ती परत फिरली, आणि घळीच्या तोंडाशी, अगदी राखणदाराच्या दगडामागे, एक दिसली. तरुण मादी होती, पाठ रिकामी. कदाचित तेव्हा सांडलेल्या पोरांतलं एखादं कात टाकण्याच्या बेताला आलेलं असेल, वाचलं असेल. तिच्याखेरीज तिथे तिच्या जातीचं कोणी नव्हतं. चाचपायला नुसते दगड होते.

अजराने तिला बरणीत घेतलं, ओल्या कापसावर. भिंगाखाली पेरं मोजली. तेवीस. पुन्हा मोजली. मग चिमटा काढला. घरी जाऊन करता आलं असतं, पण घरापर्यंत हिंमत टिकेल याची तिला खात्री नव्हती.

पहिला चाबूक मुळाशी धरून तिने चिमटा दाबला. काडी मोडावी तसा आला. मादी पळाली नाही. दुसरा चाबूक तिने हळूहळू पुढे केला, काच चाचपली, चिमटा चाचपला, मग अजराचं बोट चाचपलं, नखापासून पेरापर्यंत, आंधळ्या माणसाने तोंडावरून हात फिरवावा तसा, कोण आहे ते ओळखत असल्यासारखा. अजरा थांबली. तिला वाटलं आपण आता हे सोडून देऊ. तेवढ्यात सावनीच्या खुर्चीच्या पाठीवर वाळत टाकलेला नॅपकिन तिच्या डोळ्यांपुढे आला.

तिने तोही तोडला.

वर आली तेव्हा आप्पा बांधावर बसले होते. तिच्या खांद्याच्या पिशवीत बरणी होती, ओढणीत गुंडाळलेली. त्यांनी विचारलं, "आहे का गं आत काही उरलेलं?"

"नाही आप्पा. काहीच नाही."

आप्पांनी मान हलवली. "म्हणजे संपलं," म्हणाले, आणि तिच्याकडे न बघता आपल्या हातातला पालवीचा शेंडा चुरडत बसले. अजरा गाडीच्या वाटेला लागली. पिशवीत काचेवर काहीतरी खरडत होतं. चाबूक नव्हतेच, तेव्हा काटेरी हातच असणार.